स्क्रीनवर छान, प्रिंट काळी: पडद्याच्या ब्राइटनेसबद्दल वाचकांचे प्रश्न

तुळशीचं लग्न लागलं की लग्नांचा सीझन सुरू होतो. मग आमच्या कोल्हापूरच्या लॅबमध्ये काउंटरवर एक वाक्य दिवसभर कानावर पडतं: "स्क्रीनवर छान होता हो फोटो, प्रिंट काळी आली." या सदराकडे आलेल्या पत्रांतही बहुतेक हेच आहे, प्रत्येकाने आपापल्या शब्दांत विचारलंय एवढंच. म्हणून या अंकात बाकीचे प्रश्न मागे ठेवून पडद्याच्या ब्राइटनेसचीच पत्रं घेतली आहेत. मी प्रिंटिंगच्या बाजूला बसते, त्यामुळे माझी उत्तरं कागदाच्या बाजूची आहेत, हे आधीच सांगते.

सांगलीहून एक लग्न-फोटोग्राफर लिहितात:

"ताई, नमस्कार. गेल्या सीझनला नवा २७ इंची मॉनिटर घेतला. फोटो त्याच्यावर इतके सुंदर दिसतात की पार्टी बघूनच खूश होते. पण करिझ्मा अल्बम हातात आला की चेहरे काळपट आणि पैठणीची जर मेलेली. लॅब बदलून बघितली, तिथेही तेच. तिसऱ्या ठिकाणी त्यांनी उजळ करून दिलं, तर स्टेजवरची पांढरी फुलं उडाली. नेमकं चुकतंय कुठे?"

दोन वेगळ्या लॅबमधून सारखीच काळपट प्रिंट आली, म्हणजे फाइलच डार्क आहे. आणि फाइल डार्क होते कारण मॉनिटर फार उजळ आहे.

नवा मॉनिटर खोक्यातून निघतो तेव्हा त्याचा ब्राइटनेस भलताच चढवलेला असतो, दुकानाच्या झगमगाटात तो उठून दिसावा म्हणून. पडद्याचा उजेड कँडेला प्रति चौरस मीटरमध्ये मोजतात, बोलताना आपण 'निट' म्हणतो. नवा मॉनिटर सहसा २५० ते ३५० निटवर असतो. प्रिंटसाठी एडिटिंग करायला ८० ते १२० पुरतात. आता तुमचा पडदा ३२० निटवर आहे असं धरू. चेहरा जास्त उजळ वाटतो म्हणून तुम्ही एक्स्पोजर खाली ओढता, हायलाइट्स दाबता, सावल्या आहेत तशाच सोडता. ३२० आणि १२० यांच्यात जवळजवळ दीड स्टॉपचा फरक आहे; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. डोळा त्यातला काही भाग सांभाळून घेतो, तरी पाऊण-एक स्टॉप फाइलमधून सहज जातो. तो गेलेला उजेड पडदा स्वतःच्या दिव्याने भरून काढत असतो, त्यामुळे तुम्हाला पत्ता लागत नाही. कागदाला मागून दिवा नाही. त्याच्यावर जेवढं पडेल तेवढंच तो परत देणार.

तिसऱ्या लॅबने केलं ते डेन्सिटी करेक्शन, म्हणजे छापताना प्रिंट उजळ-गडद करणं. ते पूर्ण फ्रेमला लागतं. चेहरा वर आणायला गेलं की निशिगंधाचे हारही वर जातात आणि सपाट पांढरे होतात. ऑपरेटरच्या हातात त्याहून बारीक काही नसतं. सीझनमध्ये तर एकेका फ्रेमसाठी थांबायला वेळही नसतो.

आता मोजायचं कसं? तुम्ही फोटोग्राफर आहात, म्हणजे मीटर तुमच्या गळ्यातच आहे. पडद्यावर कोरं पांढरं पान पूर्ण उघडा, २५५ चं, म्हणजे पूर्ण पांढरं. खोलीतला दिवा बंद करा. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १००, अपर्चर ५.६. फोकस मॅन्युअल करून मुद्दाम आउट ठेवा, नाहीतर पिक्सेलची जाळी मध्ये येते. फ्रेममध्ये निव्वळ पांढरं भरेल इतकं जवळ जा आणि मीटर बरोबर शून्यावर येईपर्यंत शटर फिरवा. जो शटर स्पीड येईल त्याच्या खालच्या आकड्याला चारने गुणलं की निट मिळतात. १/३० आला तर १२०. १/२५ आला तर १००, १/२० आला तर ८०. तुमच्याकडे बहुधा १/६० किंवा १/८० येईल, म्हणजे २४० किंवा ३२०. मग मॉनिटरचं ब्राइटनेसचं बटण दाबत १/३० पर्यंत खाली या. हा गुणाकार फक्त आयएसओ १०० आणि ५.६ या जोडीसाठी आहे, अपर्चर बदललंत की हिशेब बदलला. कॅनन आणि निकॉनच्या मीटरशी तो जुळतो, दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यात किंचित फरक पडतो. एक-तृतीयांश स्टॉप इकडेतिकडे झाला तरी चालेल. आपण इथे दीड स्टॉपचा गोंधळ निस्तरतो आहोत.

पहिल्या दिवशी पडदा मेल्यासारखा वाटेल. डोळ्यांना सवय व्हायला वेळ द्या, हात बटणाकडे जाऊ देऊ नका.

हे झालं अर्धं काम. उरलेलं अर्धं काम खोलीत आहे, आणि तिकडे बहुतेकांचं लक्षच नसतं. पांढरा कागद त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी साधारण ९० टक्के परत पाठवतो, तोही सगळीकडे पसरून. कागदावर किती लक्स (पडणाऱ्या उजेडाचं माप) पडतात त्याला ०.९ ने गुणा आणि ३.१४ ने भागा, कागदाचे निट मिळाले. टेबलावर ५०० लक्स असतील तर कागद १४३ निटचा होतो. रात्री हॉलमध्ये एकाच बल्बखाली १५० लक्स असले तर तोच कागद ४३ निटचा. म्हणजे १२० च्या पडद्यावर बरोबर केलेली फाइलही त्या बल्बखाली काळपटच वाटणार, आणि त्यात ना तुमची चूक ना लॅबची. प्रिंट पाहण्याच्या उजेडाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३६६४. त्यात साध्या पाहणीसाठी ५०० लक्स आणि बारकाईने तुलना करण्यासाठी २००० लक्स सांगितले आहेत. घरी एवढा थाट नको. मॉनिटरच्या बाजूला, पडद्यावर उजेड न पडेल असा एक चांगला टेबल लॅम्प लावा. एलईडी ५००० केल्विनच्या आसपासचा, म्हणजे ना पिवळा ना निळसर, आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वरचा मागून घ्या. त्याच्याखाली कोरा फोटो पेपर ठेवून कॅमेऱ्याने वरच्यासारखंच मोजा, चारचा गुणाकार कागदालाही लागतो. कागदाचे निट आणि पडद्याचे निट एका रेषेत आले की तुमची जोडी जमली.

मग लॅबला एक फाइल द्या आणि स्पष्ट सांगा, "करेक्शन बंद ठेवून काढा, ऑटोसुद्धा नको." चेहरा, पांढरं आणि काळं, तिन्ही असलेली फाइल निवडा. ती प्रिंट लॅम्पखाली ठेवून पडद्याकडे बघा. फरक दिसला तर मॉनिटरचं बटण फिरवा, फाइलला हात लावू नका. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात महत्त्वाचं हेच आहे. पडदा प्रिंटशी जुळवायचा, फाइल पडद्याशी नाही. कागदाचं काळं पडद्याच्या काळ्याइतकं खोल कधीच नसतं, त्यामुळे हुबेहूब जुळणी होणार नाही. चेहऱ्याची उजळी आणि पांढऱ्याची उजळी जुळली की पुरे. ती प्रिंट ड्रॉवरमध्ये अंधारात जपून ठेवा, पुढे प्रत्येक वेळी तीच ताडून बघायला उपयोगी पडेल.

लग्नाच्या अल्बमसाठी मी स्वतः १०० पसंत करते, १२० नाही. अल्बम बघितला जातो तो रात्री जेवणं झाल्यावर, हॉलमध्ये, त्याच्यावर आठ-दहा डोकी वाकलेली असताना. १०० वर एडिट केलेली फाइल किंचित उजळ होते आणि त्या उजेडात ती बरोबर वाटते.

आधीच्या सीझनच्या फाइली हातात असतील आणि कुणाचा अल्बम पुन्हा काढायचा असेल, तर एकेक फोटो उघडत बसू नका. पडद्याचा ब्राइटनेस लावून झाल्यावर एका विधीचा एक फोटो घ्या, तो किती एक्स्पोजर मागतोय ते बघा, तेवढंच त्या विधीच्या सगळ्या फोटोंना सिंक करा. नंतर फक्त पांढऱ्या जागा तपासा: अंतरपाट, नवरदेवाचा फेटा पांढरा असेल तर तो, आणि फुलं.

डोंबिवलीहून प्रश्न:

"मी ब्राइटनेस ५० वर ठेवतो. एका व्हिडिओत तसं सांगितलं होतं. बरोबर आहे ना?"

त्या ५० ला स्वतःचा काही अर्थ नाही. तो तुमच्या मॉनिटरच्या कमाल उजेडाच्या मानाने आहे, आणि कमाल कुणाची २५० असते तर कुणाची ४००. शिवाय बटणाचा मधला आकडा म्हणजे उजेडही निम्मा, असं प्रत्येक मॉनिटरवर नसतं. बॅकलाइट वापराने मंद होत जातो, म्हणजे तुमच्याच मॉनिटरचा आजचा ५० आणि पाच वर्षांनंतरचा ५० सारखा राहणार नाही. आमच्या लॅबमध्ये एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन मॉनिटर शेजारी आहेत. दोन्हींवर १०० निट हवे असतील तर बटणावरचे आकडे वेगवेगळे ठेवावे लागतात. वर सांगितल्याप्रमाणे कॅमेऱ्याने मोजा आणि जो आकडा येईल तो चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवा.

छत्रपती संभाजीनगरहून फोटोग्राफी शिकणारी एक विद्यार्थिनी:

"ताई, माझ्याकडे साधा लॅपटॉप आहे आणि मी हॉस्टेलला राहते. सकाळी एडिट केलेला फोटो रात्री वेगळाच दिसतो. मान जरा हलवली तरी वेगळा दिसतो. सर म्हणतात कॅलिब्रेटर (पडद्याचा उजेड आणि रंग मोजून जुळवणारं मशीन) घे, पण तेवढे पैसे नाहीत. काही उपाय आहे का?"

आहे, आणि आज रात्रीच करून बघण्यासारखा आहे.

आधी लॅपटॉपमध्ये तुझ्या नकळत ब्राइटनेस बदलणाऱ्या गोष्टी बंद कर. ऑटो ब्राइटनेस बंद. नाइट लाइट बंद, तो संध्याकाळी पडदा पिवळा करतो. मॅक असेल तर नाइट शिफ्ट आणि ट्रू टोन दोन्ही बंद. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये मजकुरानुसार ब्राइटनेस बदलण्याचा पर्याय असतो, तोही काढ. तो चालू असला तर गडद फोटो उघडल्यावर पडदा हळूच आणखी मंद होतो, आणि तू सावल्या उचलत बसतेस. एडिटिंग करताना चार्जर लावलेला ठेव. बॅटरीवर आल्यावर ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर वीज वाचवायला पडद्याचा उजेड आणि कॉन्ट्रास्ट बदलतं, एएमडीच्या मशीनवर त्याला व्हॅरी-ब्राइट म्हणतात.

मान हलवल्यावर फोटो बदलतो, म्हणजे तुझा पॅनल बहुधा टीएन प्रकारचा आहे. त्यात वरून बघितलं तर फोटो फिका आणि खालून बघितलं तर गडद दिसतो. पॅनल बदलता येणार नाही, पण झाकणाचा कोन ठरवता येईल. पडद्यावर एकसारखा करडा रंग भर. वरची आणि खालची कड जास्तीत जास्त सारखी दिसेल तिथे झाकण थांबव. खुर्चीची उंची, टेबलापासूनचं अंतर आणि झाकणाचा कोन हे तिन्ही रोज तेच राहू देत. लॅपटॉपखाली नेहमी तेच पुस्तक ठेवलंस तरी खूप फरक पडेल.

आणि वेळ ठरव. खिडकीतून दिवसभर उजेड बदलत असतो, त्याच्याशी पडदा जुळवत बसणं तुझ्याने होणार नाही, कुणानेच होणार नाही. खिडकीचा पडदा ओढून, खोलीतली ट्यूब लावून, रोज त्याच उजेडात काम कर. खिडकी पाठीमागे नको, तिचं प्रतिबिंब काळ्या भागात येतं. भडक रंगाचा शर्ट घालून बसू नकोस, तोही पडद्यावर उतरतो. कॉलेजच्या कॅमेऱ्याने वर सांगितलेलं मोजमाप एकदा करून घे. कॅलिब्रेटर नोकरी लागल्यावर घे. आत्ता ते पैसे प्रिंट काढण्यात घाल. स्वतःच्या प्रिंट बघून डोळा जितका तयार होतो तितका मशीनने होत नाही, असं मला मनापासून वाटतं.

नाशिकहून एक वाचक:

"माझी उलटीच गंमत आहे. प्रिंट नेहमी फिकी, धुतल्यासारखी येते. मी रात्री सगळे झोपल्यावर काम करतो. दिवा लावत नाही आणि डोळ्यांना त्रास नको म्हणून ब्राइटनेस अगदी तळाला ठेवतो."

कारण तुम्हीच लिहिलंय. फार मंद पडद्यावर सावल्यांमधला तपशील डोळ्याला सुटा दिसत नाही, म्हणून तुम्ही शॅडोजचा स्लायडर वर ढकलता, मग एक्स्पोजरही वर ढकलता. प्रिंटमध्ये ते सगळं फिकटपणा होऊन येतं. त्यात काळोखी खोली. भोवती अंधार असला की फोटो डोळ्यांना आहे त्यापेक्षा सपाट वाटतो आणि हात कॉन्ट्रास्टकडे जातो. चुकांची बेरीज होत जाते.

डोळ्यांचा त्रास कमी करायला पडदा मंद करण्यापेक्षा खोली उजळ करा. मॉनिटरच्या मागे, भिंतीकडे तोंड केलेला एक छोटा दिवा लावा, उजेड भिंतीवरून परत यायला हवा. भिंत पांढरी किंवा करडी असेल तर उत्तम. गुलाबी किंवा पोपटी असेल तर त्या भागावर पांढरी चादर टाका. मग पडदा ८० ते १०० वर आणा. त्याखाली जाऊ नका. १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने एसआरजीबी ही रंगपद्धत मांडली, आजही लॅबला आपण त्याच पद्धतीतली जेपेग देतो. तिच्यात गृहीत धरलेला पडदा ८० निटचा आहे आणि खोली ६४ लक्सची, म्हणजे मंद उजेडाची, पण काळोखी नाही.

एक छोटी गोष्ट आणखी. लाइटरूममध्ये किंवा फोटोशॉपमध्ये फोटोच्या भोवतीची जागा काळी ठेवली असेल तर तिच्यावर राइट-क्लिक करून मध्यम करडी करा. काळ्या चौकटीत प्रत्येक फोटो उजळ वाटतो. शेवटची नजर टाकताना ती जागा पांढरी करून बघा, कारण कागदावर फोटोभोवती बहुधा पांढरंच असणार.

मडगावहून एक तरुण फोटोग्राफर:

"माझे फोटो कधीच छापले जात नाहीत. सगळं इन्स्टाग्रामवर. मग हे निटबिट माझ्यासाठी आहे का?"

आहे, पण जरा सैल हाताने. तुमचा फोटो कोण कुठल्या उजेडात बघणार यावर तुमचा ताबा नाही. कुणी शॅकमध्ये भर दुपारी बघेल, तेव्हा त्याचा फोन उजेड हजार निटच्या घरात नेईल. कुणी रात्री पांघरुणात बघेल. तुमच्या हातात मधला मार्ग आहे: पडदा १२० च्या आसपास, खोलीत साधा उजेड, आणि फाइल एसआरजीबीमध्ये. घरात दिवसा भरपूर उजेड येत असेल तर १४०-१६० पर्यंत गेलात तरी मी हरकत घेणार नाही.

पोस्ट करण्याआधी फोनवर बघा, पण आधी फोनचा डिस्प्ले 'व्हिव्हिड' वरून 'नॅचरल' वर आणा. व्हिव्हिडमध्ये सूर्यास्त फार देखणा दिसतो, आणि दुसऱ्याच्या फोनवर तोच मचूळ. मग साध्या जुन्या फोनवर, ब्राइटनेस अर्ध्यावर ठेवून बघा. तिथे माणसाचे डोळे आणि टोपीखालची सावली दिसत असेल तर फोटो सगळीकडे चालेल. फोनकडे बघून फाइल बदलत बसू नका, फक्त खात्री करा.

साताऱ्याहून एक निवृत्त शिक्षक लिहितात. त्यांचं पत्र मोठं आहे, मी थोडं कमी करून देते:

"घरचे जुने कृष्णधवल फोटो स्कॅन करून दुरुस्त करण्याचा छंद लागला आहे. जिंप हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरतो. आईच्या पहिल्या संक्रांतीचा फोटो आहे: काळी चंद्रकळा, अंगावर हलव्याचे दागिने. माझ्या पडद्यावर साडी म्हणजे नुसता काळा पट्टा दिसतो. पुण्यात मुलाच्या पडद्यावर निऱ्या दिसतात, असं तो म्हणतो. मी उजळ करू लागलो तर हलव्याचे दाणे एकमेकांत मिसळून गेले. ब्राइटनेसचं बटण फिरवावं की कॉन्ट्रास्टचं? माझं वय ७४ आहे, तेही लिहून ठेवतो."

सर, तुमचा फोटो या विषयासाठी मला मिळालेला सगळ्यात उत्तम नमुना आहे. काळ्या कापडातली घडी आणि पांढऱ्या साखरेवरचा काटा, फोटोतली दोन्ही टोकं एकाच फ्रेममध्ये. ज्या पडद्यावर दोन्ही सुटे दिसतात, तो पडदा एडिटिंगच्या लायकीचा.

आधी फाइलमध्ये काय आहे ते डोळ्यांना न विचारता आकड्यांना विचारा. जिंपमध्ये पॉइंटर नावाची छोटी खिडकी उघडता येते. माउस जिथे न्याल तिथल्या बिंदूचे आकडे ती दाखवते, शून्य म्हणजे पूर्ण काळं, २५५ म्हणजे पूर्ण पांढरं. आकडे टक्क्यांत दिसत असतील तर तिथेच ० ते २५५ चा पर्याय निवडा. आता निऱ्यांवरून माउस आडवा फिरवा. आकडे १४, २२, १७, २८ असे वरखाली होत असतील, तर निऱ्या फाइलमध्ये शाबूत आहेत आणि तुमचा पडदा त्या लपवतो आहे. सगळीकडे २ किंवा ३ च येत असेल तर त्या स्कॅनमध्येच आलेल्या नाहीत. मग मूळ फोटो पुन्हा स्कॅन करायला लागेल, स्कॅनरची ऑटो सेटिंग बंद करून आणि शक्य असेल तर १६ बिटमध्ये. तुमच्या मुलाला निऱ्या दिसतात, त्यावरून मला पहिलंच खरं वाटतं.

मग पडदा तपासा. जिंपमध्ये एक काळी फाइल बनवा, शून्याची. तिच्यावर ४, ८, १२, १६ आणि २० या आकड्यांचे चौकोन भरा, तिन्ही रंगांना तोच आकडा. दुसरी फाइल पूर्ण पांढरी, तिच्यावर २५३, २५०, २४५ आणि २४० चे चौकोन. नेहमीच्या जागी, नेहमीच्या उजेडात बसून बघा. काळ्या फाइलवर १२ चा चौकोन जेमतेम दिसावा आणि २० चा स्पष्ट. पांढऱ्या फाइलवर २५० चा चौकोन जेमतेम ओळखू यावा.

काळे चौकोन दिसत नसतील तर आधी खिडकीकडे बघा. पडद्यावर बाहेरचा उजेड किंवा तुमचा पांढरा सदरा उमटत असेल तर काळ्यातला फरक त्या प्रतिबिंबात बुडतो. मॉनिटर फिरवा, किंवा काळ्या पुठ्ठ्याची झडप वर आणि दोन्ही बाजूंना लावा. छायाचित्रकार विकत घेतात त्या झडपाही याहून वेगळं काही करत नाहीत. तरीही दिसत नसतील तर ब्राइटनेस वाढवा. एलसीडी मॉनिटरवर ते बटण मागच्या दिव्याचं असतं, त्याने फाइलचं काही बिघडत नाही. कॉन्ट्रास्टचं बटण मात्र कंपनीने दिलं आहे तिथेच राहू द्या. ते वर नेलं की पांढऱ्याकडचे चौकोन एकमेकांत मिसळतात, म्हणजे नेमका तुमचा हलवा जातो. मॉनिटरच्या मेनूत डायनॅमिक कॉन्ट्रास्ट किंवा इको असं काही चालू असेल तर ते बंद करा.

वयाचं लिहिलंत ते बरं केलंत, कारण त्याचा इथे खरोखर संबंध आहे. वय वाढतं तशी बाहुली लहान राहते आणि डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, त्यामुळे आत पोचणारा उजेड कमी होतो. तरुण माणसाला १०० पुरतील तिथे तुम्हाला १४० सोयीचे वाटले तर खुशाल १४० ठेवा. अट एकच, प्रिंट पाहण्याचा दिवाही त्याच प्रमाणात वाढवा. पडदा आणि कागद दोन्ही तुमच्या त्याच डोळ्यांनी बघितले जाणार आहेत, त्यामुळे जोडी बरोबर राहते.

आता दुरुस्ती. पूर्ण फोटो उजळ करू नका. कर्व्ह्ज उघडा आणि डाव्या खालच्या भागात, साडीचे आकडे जिथे आहेत तिथेच रेघ किंचित उचला. २४० च्या आसपास दुसरा बिंदू रोवून ती जागा हलू देऊ नका. निऱ्यांचे आकडे २५ ते ४५ च्या दरम्यान आले तर कागदावर त्या दिसतील आणि चंद्रकळा तरीही काळीच राहील. दाण्यांवर २४५ च्या वर काही जाऊ देऊ नका. आणि सर, मूळ स्कॅनची एक प्रत हात न लावता वेगळी ठेवा. प्रिंट काढलीत तर मॅट किंवा लस्टर पेपरवर काढा, ग्लॉसीवर काळ्या साडीत खोलीतला दिवा चमकेल.

नागपूरहून एक स्टुडिओ-मालक:

"स्टुडिओत तीन मॉनिटर आहेत, तिन्हीवर फोटो वेगळा. मुंबईच्या बोरा बाजारात कॅलिब्रेटरची चौकशी केली, स्पायडर आणि कॅलिब्राइट अशी दोन नावं सांगितली. कुठलं घेऊ आणि किती दिवसांनी लावू?"

तीन मॉनिटर म्हटल्यावर आता मशीन घ्याच, इथे कॅमेऱ्याने भागणार नाही. कॅमेरा उजेड सांगतो, रंग सांगत नाही. दोन्ही कंपन्यांची मशीनं काम नीट करतात. कॅलिब्राइट म्हणजे पूर्वी एक्स-राइट नावाने मिळायची तीच मशीनं. नवीन वाइड गॅमट (जास्त रंग दाखवणारा) किंवा ओलेड पडदा असेल तर जुनं, सेकंडहँड मशीन टाळा, अशा पडद्यांचे रंग ते चुकीचे वाचू शकतं. सॉफ्टवेअरमध्ये पडद्याचा प्रकार विचारतात तिथे अंदाजाने काही निवडू नका, मॉनिटरच्या कागदपत्रांत बघून निवडा.

मॉनिटर अर्धा तास चालू राहू द्या, मगच मशीन लावा. पांढरं डी६५ (दिवसाच्या उजेडासारखं), गॅमा २.२ (मधल्या छटांची उजळी ठरवणारा आकडा), उजेड १०० निट. उजेडाची पायरी आली की सॉफ्टवेअर थांबतं आणि तुम्हाला बटण फिरवायला सांगतं. ती पायरी वगळून पुढे जाणारे बरेच भेटतात, आणि नंतर "कॅलिब्रेट करूनही प्रिंट काळीच येते" म्हणून आमच्याकडे येतात. तिन्ही मॉनिटरमधला जो सगळ्यात जुना आणि मंद, त्याला सहज जमेल असा आकडा तिघांना द्या. एक १२० वर आणि दुसरा ८० वर असला तर प्रोफाइल कितीही चांगली असली तरी जुळणार नाहीत. महिन्यातून एकदा पुरे, सीझनमध्ये पंधरवड्याला. घेताना एका परवान्यावर किती कॉम्प्युटरवर चालतं ते दुकानदाराकडून लिहून घ्या.